गाईचा घास

आमच्या बाबांच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही, असं नातेवाईक अजूनही सांगतात. लग्नात भेटले की सांगतात, कुणाच्या मयतीला भेटले की हमखास सांगतात. "देवमाणूस होता तुझा बाप," असं म्हणून डोळ्यांना रुमाल लावतात. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. या मंडळींनी आमच्याकडे जे खाल्लं ते कुणाच्या ताटातलं होतं, ते मला चांगलं माहीत आहे. ते माझ्या आईच्या ताटातलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं अशी रीत आहे, पण मला बाबांचा राग होता आणि तो अजून गेलेला नाही.

आम्ही सातपूरला कामगारांच्या कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, पुढे एक वट्टा, मागे मोरी आणि कमरेएवढी भिंत. मी, आई आणि बाबा. नव्वदच्या दशकात, मी हायस्कूलला असताना, बाबांच्या कंपनीला टाळं लागलं. आधी सगळे गेटवर बसले, मग मोर्चे झाले, मग कोर्ट झालं, आणि मग जो तो आपापल्या पोटामागे पांगला. बाबांना एका गोदामावर राखणीचं काम मिळालं. त्याला पगार म्हणायचे, म्हणून आम्हीही पगार म्हणायचो. बाबांच्या स्वभावाला मात्र कंपनी बंद पडल्याचं कुणी कळवलंच नव्हतं. कंपनी चालू असताना ते जसे वागायचे तसेच नंतरही वागत राहिले.

घर चालवायचं आईने. ती नांदगावकडची, कोरड्या मुलखातली, त्यामुळे थोडक्यात भागवणं तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. संध्याकाळी बाजार उठायच्या सुमाराला ती पिशवी घेऊन निघायची. मळ्यांतून माल घेऊन आलेल्या बायका तोवर कंटाळलेल्या असायच्या. फ्लॉवरचे गड्डे मांडताना त्यांनी बाहेरचा पाला तोडून बाजूला टाकलेला असायचा. आई त्या ढिगाकडे बघून म्हणायची, "मावशी, गाईला नेऊ का हो थोडा पाला?" मावशी म्हणायची, "ने की बाई, समदा ने." घरी येऊन आई त्यातला कोवळा पाला निवडायची, देठं सोलायची, बारीक चिरून लसणाच्या फोडणीत टाकायची आणि वरून थोडं बेसन पेरायची. भाजी चांगली व्हायची, हे मला कबूल करावं लागतं. आमच्याकडे गाय नव्हती. दोन खोल्यांत आमचीच दाटी होत होती.

दुसरा आधार शेंगोळ्यांचा. हुलग्याचं पीठ, त्यात थोडं ज्वारीचं, लसूण-मिरची-जिऱ्याचा गोळा घालून घट्ट मळायचं, तळहातांवर वळून त्याची छोटी वेटोळी करायची आणि तिखट फोडणीच्या पाण्यात उकळत ठेवायची. एक वाटी खाल्ली की माणूस गप्प होतो, दुसरी खाल्ली की आडवा होतो. हल्ली गंगापूर रोडच्या हॉटेलांत हेच शेंगोळे मातीच्या वाडग्यात देतात आणि लोक त्याचे फोटो काढतात. मला शेंगोळ्यांचा वास आला तरी जबडा घट्ट होतो. आई ते हौसेने करत नव्हती. ते पोटात जाऊन बसतात आणि लवकर उठत नाहीत, म्हणून करत होती.

खरी गाय नसली तरी गाईची भाकरी मात्र होती. तव्यावरची पहिली भाकरी गाईची, असा बाबांच्या घरचा नेम. आई रोज सकाळी पहिली लहानशी भाकरी थापायची आणि मागच्या भिंतीवर ठेवायची. कॉलनीत एक तांबडी गाय मोकाट फिरायची, ती वेळेवर येऊन भाकरी ओढून न्यायची. बाबा स्वतः कधी उठून तिला घास द्यायला गेले नाहीत. जेवायला बसताना फक्त विचारायचे, "गाईचं काढलं का?" आई म्हणायची, "काढलं." मग ते समाधानाने पहिला घास घ्यायचे. पीठ कितीही कमी असलं तरी हा प्रश्न चुकला नाही.

इथपर्यंत आमचं भागत होतं. दोन वेळेला तिघांना पुरेल एवढं आई करायची आणि तिघं जेवायचो. अडचण अशी होती की सातपूर त्र्यंबक रस्त्यावर आहे. बाबांचं गाव इगतपुरीकडचं, आणि त्या बाजूचं सगळं गोत कशा ना कशासाठी नाशिकला यायचं. कुणाची कोर्टात तारीख, कुणाचं पोरगं सिव्हिलमध्ये, कुणाला लग्नाचा बस्ता बांधायचा. कामं उरकली की त्र्यंबकला दर्शन. जाताना नाही तर येताना आमचं घर लागणारच. आणि वट्ट्यावर चपला वाजल्या की बाबांचा आवाज चढायचा, "या, या! आता जेवूनच जायचं. त्याशिवाय सोडत नसतो मी!"

पाहुणे आधी नको म्हणायचे. नको म्हणायचंच असतं. मग बाबा दंडाला धरून बसवायचे. मग पाहुण्यांना खरंच भूक लागलेली असायची, कारण ते सकाळी गावातून निघालेले असायचे. आई आत पिठाचा डबा उघडून बघत असायची. पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर यायची, हसून विचारपूस करायची आणि जाताजाता सांगून टाकायची, "माझा आज सोमवार हाय." बुधवार असला तर "माझी चतुर्थी हाय." काहीच नसलं तर "एका देवीचं धरलंय." आईचे उपास पंचांगात नव्हते, ते वट्ट्यावरच्या चपलांवर ठरत. आणि उपास म्हणजे साबुदाणा-शेंगदाणे नव्हेत, तेही विकतच आणावे लागतात. उपास म्हणजे काळा चहा.

मग बाबांचा आग्रह सुरू व्हायचा. आग्रह ही आपल्याकडे मोठी कौतुकाची गोष्ट आहे. आग्रह करणारा बाहेर पाहुण्याशेजारी मांडी घालून बसलेला असतो आणि ज्याच्या जिवावर आग्रह चाललेला असतो ते माणूस आत असतं, हे कुणी बोलत नाही. "अगं, आण अजून एक भाकरी! अहो, घ्या हो, लाजता काय? अगं, रस्सा आण!" पाहुण्यांनी ताटावर हात आडवा धरला की बाबा तो हात बाजूला सारून भाकरी टाकायचे. मी दाराशी उभी राहून टोपलीकडे बघायचे. तळाचं फडकं दिसायला लागलं की मी उरलेल्या भाकऱ्या मोजायचे. फडकं उघडं पडलं की आई पातेल्यात पाणी घालून, खरवडून, त्याला एक उकळी द्यायची. ते मी आणि ती प्यायचो, म्हणजे ती मलाच पाजायची.

एकदा मी एक भाकरी आधीच उचलून पिठाच्या डब्यात, झाकणाखाली लपवली. तिच्यासाठी. बाबांनी बाहेरून हाक मारली, "अगं, अजून एक!" टोपली रिकामी होती. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे बघितलं. मग ती उठली, सरळ डब्याकडे गेली, झाकण उचललं आणि भाकरी घेऊन बाहेर गेली. तिला माझी चोरी पहिल्यापासून दिसली होती. परत आल्यावर म्हणाली, "पावण्यासमोर नाय म्हणायचं नसतं." त्या दिवशी मला बाबांइतकाच तिचाही राग आला. ती मागे भांडी घासत होती आणि मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

आईचे गाल बसले. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "बाई, काही दुखतंय का?" बाबांना मात्र दिसत नव्हतं, आणि त्यांना दिसत नव्हतं यावर माझा अजूनही विश्वास नाही. शेजारी झोपणाऱ्या माणसाला बायकोची हाडं दिसत नाहीत होय? दिसत होतं. पण तिच्या हाडांपेक्षा इगतपुरीकडच्या लोकांचं तोंड त्यांना मोठं होतं. कंपनी गेली, युनियन गेली, हातात काही राहिलं नाही. मग राहिलं काय, तर दाराशी उभं राहून "जेवूनच जा" म्हणणं. त्यांचा मोठेपणा तेवढाच उरला होता, आणि तो आईच्या पोटातून चालला होता. हे मला आता समजतं. समजलं म्हणून राग कमी होतो असं काही नाही.

तिकडे गावात उलटाच बोलबाला झाला. येईल त्या पाहुण्याला आईचा उपास दिसायचा. सोमवारी आलेला सोमवार सांगायचा, गुरुवारी आलेला गुरुवार सांगायचा. सगळे वार गोळा झाले तेव्हा मंडळींचं एकमत झालं की ही बाई मोठी भाविक आहे, रोजच उपास करते. बाबांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, घोटीला राहायची. चांगलं भाताचं खाचर, घरात म्हशी, अंगावर सोनं. ती आमच्याकडे आली की आईच्या पाया पडू लागली. "वयनी, तुमच्यासारखं आमच्यानं नाय व्हायचं," असं म्हणत तिने आमच्याकडच्या भाकऱ्या खाल्ल्या. तीसुद्धा न मोजता.

मी कॉलेजला जायला लागले त्या वर्षी आत्याच्या मुलाचं लग्न झालं, आणि लग्नानंतर त्यांच्याकडे कुळधर्म निघाला. देवीच्या नावाने पाच सवाष्णी जेवू घालायच्या होत्या. पाचात पहिला मान आईला. आत्याने निरोप धाडला, "एवढी उपासाची बाई घरात असताना दुसरी कोण बघायची?" बाबांची मान ताठ झाली. आईने पेटीतलं लग्नातलं जरीचं लुगडं काढलं, ते तिच्या अंगावर दोन वेळा जास्त गुंडाळावं लागलं. आम्ही एसटीने घोटीला गेलो.

आईला पाटावर बसवलं, पाय धुतले, ओटी भरली. आईच्या समोर केळीचं पान मांडलेलं मी पहिल्यांदा बघितलं. पुरणपोळी, आमटी, भजी, कुरडया, वाफाळता भात आणि वर तूप. गंमत म्हणजे वाढणाऱ्या बायका तिलाच आग्रह करत होत्या. तिला! आईने पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली.

आणि मग ती जेवली. मान वर न करता, न बोलता. पहिली पोळी संपली, दुसरी संपली. बाकीच्या चौघी एकमेकींशी बोलत चिवडत होत्या, अर्धं टाकत होत्या. आईचं पान लख्ख होत होतं. एक बाई वाटी घेऊन आली आणि रीत म्हणून म्हणाली, "अजून एक घ्या की, वयनी." आईने लगेच पान पुढे सरकवलं. तुपाची धार ओतली गेली. ती पोळीही संपली. मग भात, मग पुन्हा आमटी. आता बायका बघायला लागल्या. एकजण तोंडाला पदर लावून हसली. आत्या म्हणाली, "वयनी, बेतानं हं! रोजच्या उपासाचं पोट, झेपायचं नाय!" सगळ्या हसल्या. आईने मान वर केली, तोंडातला घास गिळला आणि म्हणाली, "वाढा."

मला रडू आलं नाही. मला तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक बाईच्या तोंडावर आमटीचं पातेलं उपडं करावंसं वाटलं. बाबा पुढच्या पडवीत पुरुषांबरोबर बसले होते. हसणं त्यांच्यापर्यंत गेलं. कुणीतरी मस्करीत काहीतरी म्हणालं आणि बाबा उगाच मोठ्याने हसले.

परतीच्या एसटीत त्यांनी तोंड उघडलं. नाशिक येईपर्यंत थांबले नाहीत, सरळ घोटी सुटल्यावरच. "अब्रू घालवलीस माझी," ते आईला म्हणाले. "चार दिवसांचं उपाशी असल्यासारखं खातात का? घरी खायला मिळत नाही असं वाटलं असेल लोकांना."

"मिळत नाहीच," मी म्हणाले.

पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. बाबा म्हणाले, "तू गप्प बस." मी म्हणाले, "नाही बसणार. ती रोज चहावर राहते आणि तुम्ही बाहेर बसून तिची भाकरी वाटता. सोमवार काय, चतुर्थी काय, सगळं खोटं आहे. तुम्हाला माहीत आहे." बाबांनी हात उचलला होता, पण एसटी भरलेली होती आणि चारचौघांत ते देवमाणूस होते. हात खाली आला. आई खिडकीशी बसली होती, मांडीवर ओटीचा नारळ धरून. ती एवढंच म्हणाली, "पोट भरलंय माझं आज. भांडू नका." मग तिने डोळे मिटले.

मला वाटलं, आता तरी फरक पडेल. मी तेव्हा लहान होते, इतकाच याचा अर्थ.

पंधरवडाही लोटला नसेल, आत्या आणि तिचे यजमान नव्या सुनेला त्र्यंबकला घेऊन निघाले आणि वाटेत आमच्याकडे टेकले. बाबांनी दारातच आवाज दिला, "जेवूनच जायचं!" आई शेंगोळे उकळत होती. पाणी घेऊन ती बाहेर आली. आत्याने विचारलं, "वयनी, आज कोणता वार धरलाय?" आई म्हणाली, "आज उपास नाय. उपास सोडले मी सगळे." आत्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला. बाबा खिडकीकडे बघत राहिले.

आत येऊन आईने एक गोष्ट केली. सगळ्यांच्या आधी स्वतःचं ताट वाढून घेतलं. एक भाकरी, वाटीभर शेंगोळे, कांद्याची फोड. त्यावर दुसरं ताट पालथं घातलं आणि फळीवर ठेवलं. मग बाहेर वाढायला घेतलं. मी तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघायचं टाळत होती. मला इतका आनंद झाला की मी न सांगता पाण्याचे पेले भरून नेले.

बाहेर आग्रह सुरू झाला. "अगं, आण अजून." आईने नेलं. "अगं, आण." आईने नेलं. टोपलीच्या तळाचं फडकं दिसलं. आत्याच्या यजमानांच्या ताटावर बाबांची नजर होती. "अगं, आण की अजून एक! थोडे शेंगोळे पण आण."

आई आतूनच म्हणाली, "संपलं."

हा शब्द आमच्या घरात पाहुण्यांसमोर कधी उच्चारला गेला नव्हता. आत्याचे यजमान म्हणाले, "बास हो, पोट भरलं." बाबा उठले. स्वयंपाकघरात आले. त्यांनी टोपलीत बघितलं, पातेल्यात बघितलं, मग फळीवर बघितलं. पालथं ताट उचललं. खालचं ताट हातात घेतलं. आई चुलीपाशी म्हणजे स्टोव्हपाशी बसली होती. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "आहे की. संपलं काय म्हणतेस?" आणि तेच ताट घेऊन बाहेर गेले. मी त्यांच्या सदऱ्याला हात घातला होता, तो त्यांनी झटकला. बाहेरून त्यांचा हसरा आवाज आला, "घ्या हो, आमच्याकडे काही कमी नाही!" आणि आत्याच्या यजमानांनी, पोट भरलेल्या त्या माणसाने, आग्रह मोडू नये म्हणून आईचं जेवण खाल्लं.

याला मी माफी दिलेली नाही. बाकी सगळं एखाद्या वेळी माफ केलं असतं. लोक म्हणतात तो गरिबीचा काळ होता. गरिबीने ते ताट उचललं नव्हतं. ताट माझ्या बापाने उचललं होतं.

आई त्या दिवशी रडली नाही, भांडलीही नाही. भांडी घासून तिने रोजच्यासारखं रात्रीचं दळण निवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तवा ठेवला आणि पहिली भाकरी थापली. रोज गाईची भाकरी लहान असायची, ही तिने चांगली मोठी थापली. शेकली, फुगली. मग तिने ती भिंतीवर नेली नाही. तव्याशेजारी तशीच बसून भाकरीचा पापुद्रा उचलला, आत तेल, तिखट आणि मीठ घातलं आणि गरम गरम खायला लागली. मी दारात उभी होते. तिने मला बघितलं आणि खाणं थांबवलं नाही. शेवटचा तुकडा संपल्यावर पाणी प्यायली, हात धुतले आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

बाबा जेवायला बसले. "गाईचं काढलं का?"

"काढलं," आई म्हणाली.

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. पाहुणे येवोत, न येवोत, टोपलीचं फडकं उघडं पडो, आईचं पोट सकाळीच भरलेलं असायचं, तेही ताज्या भाकरीने, कुणाच्याही आधी. गाईच्या वाटणीला हात घालायची बाबांची छाती नव्हती. बायकोचं ताट उचलून नेणारा माणूस देवाच्या नावाने काढलेल्या घासाला घाबरायचा. आईने त्यांची नस बरोबर पकडली होती. तांबडी गाय काही दिवस मागच्या भिंतीवरून मान आत घालून हंबरत राहिली. बाबा म्हणाले, "आज गाय का ओरडतेय एवढी?" आई म्हणाली, "पोट भरलं नसंल तिचं." मी तोंडात ओढणी कोंबून मोरीत पळाले. नंतर मी त्या गाईला फ्लॉवरची निवडून उरलेली जून पानं घालू लागले. मावशींशी इतकी वर्षं बोललेलं खोटं निदान तेवढं खरं झालं.

पुढे मला नोकरी लागली, घरात पीठ कमी पडेनासं झालं, तरी आईने पहिली भाकरी सोडली नाही. बाबांना शेवटपर्यंत कळलं की नाही ते मला माहीत नाही आणि मला त्याची पर्वाही नाही.

दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात बाबा गेले. तेराव्याला इगतपुरी, घोटी, सगळं गोत लोटलं. आचारी लावला होता, मांडव घातला होता. पंगतीवर पंगत उठत होती आणि प्रत्येक पंगतीत तेच, "त्यांच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही." आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, कारण त्या गडबडीत घरात तवाच ठेवला नव्हता. मी ताट वाढायला निघाले तर आत्याने अडवलं. "थांब गं पोरी, आधी पावणे उरकू दे. वयनीला शेवटी वाढू. तिला उपासाची सवय हाय."

मी आत्याच्या तोंडाकडे बघितलं. म्हातारी झाली होती, सोनं तेवढंच होतं. तिला काय सांगायचं? मांडवातून एका काकांनी आवाज दिला, "गाईचं पान काढलं का?"

"काढते," मी म्हणाले.

मी केळीचं पान घेतलं. पुऱ्या ठेवल्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, खिरीची वाटी, बाबांना आवडायचे म्हणून मुद्दाम केलेले वडे. आत्या म्हणाली, "लय वाढलंस गं गाईला." मी ते पान दोन्ही हातांवर धरून सगळ्यांच्या देखत मागच्या दाराकडे निघाले. आणि मागच्या दाराला न जाता आतल्या खोलीत शिरले, दार लोटलं आणि पान आईसमोर ठेवलं.

आईने पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे. बाहेर आत्या विचारत होती, "मिळाली का गं गाय?"

"मिळाली," मी म्हणाले. "खातेय."

आईने वड्याचा तुकडा मोडला. ती सावकाश जेवली, मान वर करून, मधूनमधून खिडकीबाहेर मांडवातली माणसं बघत. पुऱ्या संपल्या. तिने बोटं पुसली, पान माझ्याकडे थोडं सरकवलं, आणि आयुष्यभर बाहेरून ऐकलेलं ते वाक्य पहिल्यांदा स्वतःसाठी म्हणाली.

"आण अजून एक."